अकरा रेघा

मोबाइलमध्ये ‘निफाड ट्रॅक्टर’ या नावाने एक नंबर आहे. जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत तो मी कितीदा काढला आणि न लावता परत ठेवला, सांगता यायचं नाही. ज्यांचा तो नंबर, त्या बाबांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. मार्चमधल्या एका दुपारी त्यांच्या अंगणातून आम्ही जुना ट्रॅक्टर पिकअपमध्ये चढवला. बंदच होता. फळ्या टाकून पाच जणांनी ढकलत वर नेला आणि बाबा बाजूने चालत शेवटपर्यंत स्टिअरिंग सरळ धरून होते. पंचावन्न हजार मोजून झाले होते, दोर आवळून झाले होते. पिकअप निघता निघता ते माझ्या खिडकीशी आले. “ताई, चालू झाला का एक फोन लावजा. बोलायचं काही नाही. नुसता आवाज ऐकवजा.” मी “हो बाबा, नक्की” म्हटलं. त्यांच्या मागे अंगणाच्या कडेला द्राक्षाच्या खोडांचा ढीग होता आणि मांडवाचे लोखंडी अँगल भंगारासाठी रचून ठेवलेले होते. २०२३ च्या नोव्हेंबरातल्या गारपिटीनंतर त्यांनी बाग तोडली, ती पुन्हा लावली नाही. तेव्हापासून ट्रॅक्टर उभाच होता.

ट्रॅक्टर जूनच्या नऊ तारखेला रात्री चालू झाला. मी फोन केला नाही.

दिंडोरीच्या बाजूला वडिलांनी ठेवलेली दीड एकर पेरूची बाग आहे. दोन ओळींमध्ये दहा फूट, आणि सरदार पेरूच्या फांद्या फळ धरलं की जमिनीकडे लवतात. मोठा ट्रॅक्टर आत घातला तर निम्मी फळं खाली. भाड्याने सांगावं तर छोटा ट्रॅक्टरवाला आधी आपली द्राक्षं उरकणार, मग आपल्याकडे येणार, तोवर गवत कमरेला लागलेलं. नव्याचा हप्ता दीड एकराला पेलणारा नव्हता. म्हणून अठरा एचपीचा, तीन सिलिंडरचा, बागेतला जुना ट्रॅक्टर शोधत होते. आणि खरं सांगायचं तर मला तो उघडायचाही होता. सातपूरच्या कारखान्यात एकोणीस वर्षं मी क्वालिटीला आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर नाहीतर बोअर गेज. दुसऱ्यांनी घडवलेलं मोजायचं आणि पास किंवा रिजेक्ट लिहायचं. रिजेक्टच्या पेटीत गेलेली एखादी वस्तू आपल्या हातांनी पुन्हा पासात आणावी, ही इच्छा माझ्या मनात फार दिवस होती.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो उतरवला आणि पहिल्या संध्याकाळी मी नुसती त्याच्याभोवती फिरले. सगळं अंग निळं पडलेलं. मूळ रंग लाल होता हे सीटखाली हात घातल्यावर कळलं. बॉनेटवरचं कंपनीचं नाव बोर्डोने, द्राक्षावर फवारायच्या निळ्या औषधाने, कधीच खाऊन टाकलं होतं. रेडिएटरच्या जाळीत निळसर पांढरी पुटं, मडगार्डच्या कडा पापडासारख्या, पुढच्या टायरला भेगा. तासांचं मीटर १,१४३ वर थांबलेलं, आणि ते खोटं आहे हे सांगायला क्लचचं पायडल पुरेसं होतं. त्याचं रबर झिजून संपलं होतं आणि खालचं लोखंडही पावलाच्या आकाराने गुळगुळीत झालं होतं. सीटच्या बुडाशी बाइंडिंगच्या तारेने एक चार इंची खिळा बांधलेला होता, टोकाकडे तांबूस झालेला. तो मात्र मी लगेच ओळखला.

माझा मामा पिंपळगाव बसवंतचा. त्याच्याकडे ऑक्टोबरच्या सुट्टीत गेलं की गोड छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, होऊन गेलेली असायची, कोवळी फूट निघालेली असायची आणि सगळ्या घराला बोर्डोचा वास असायचा. ओल्या चुन्याचा आणि मोरचुदाचा, म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षाराचा, तो थंड, धातूसारखा वास नाकापेक्षा जिभेला आधी कळतो. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, आणि मोरचूद लोखंडी भांड्यात कधीच नाही. मिश्रण जमलं का हे पाहायला मामा त्यात खिळा बुडवायचा. खिळ्यावर तांब्याचा लेप चढला तर मोरचूद अजून मोकळं आहे, चुना वाढवा. शाळेत पुढे हाच प्रयोग परीक्षानळीत करून दाखवला तेव्हा वर्गात मीच एकटी होते जिला उत्तर आधीपासून माहीत होतं. फ्रान्समधल्या मेडॉक भागात १८८२ साली मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला दिसलं, की वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर लोकांनी हेच निळं पाणी मारलंय आणि डावणी या बुरशीच्या रोगातून नेमक्या त्याच वेली वाचल्यात. १८८५ मध्ये त्याने कृती छापली. वाटसरूंसाठी केलेली ती युक्ती निफाडच्या एका ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बोटभर थर होऊन बसली होती आणि मी पत्र्याच्या शेडमध्ये नखाने ती खरवडून पाहत होते.

मामाकडची दुसरी आठवण आवाजाची आहे. पाऊस येऊन गेला की डावणीच्या भीतीने रात्रीच फवारणी निघायची. अंथरुणात पडल्या पडल्या शिवारातले छोटे ट्रॅक्टर ऐकू यायचे, त्यामागे ब्लोअरचा एकसुरी घोंगावा. मामा डोळे मिटूनच सांगायचा, हा वरच्या मळ्यातला, हा नदीकडचा, याचा सायलेन्सर फुटलाय, हा कोणीतरी नवा पोरगा चालवतोय, गिअर बघ कसा टाकतो. आम्हा पोरांना ती जादू वाटायची.

इंजिनला पहिले दोन आठवडे मी सेल्फ लावलाच नाही. सव्वा वर्ष उभं राहिलेलं इंजिन घाईने फिरवलं तर पिस्टनची चिकटलेली रिंग लायनरवर, सिलिंडरच्या आतल्या नळीवर, ओरखडा पाडते. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे तिन्ही नोजल काढले, भोकांतून थोडं डिझेल आणि ऑइल सोडलं, दोन दिवस तसंच ठेवलं. मग पुलीच्या नटाला पाना लावून हाताने जोर दिला. आधी काहीच नाही. मग सूतभर. मग जाड मधातून काहीतरी सरकावं तसा तो फिरला, आणि पहिल्या नंबरच्या भोकातून ‘हुस्स’ करून हवा आली. तो आवाज ऐकून नवरा आतून टॉर्च घेऊन पळत आला. पुढे दीड महिना तो टॉर्च त्याच्याच हातात होता.

हेड उघडलं तेव्हा मी चकित झाले. बाहेरून हे धूड पाहून आत काय असेल याची मनाची तयारी केली होती. पायडल, टायर, स्टिअरिंगचा खेळ, सगळं अडीच-तीन हजार तासांच्या पुढचं बोलत होतं. पण लायनरमध्ये कंपनीतल्या होनिंगच्या, नवा लायनर घासताना पाडलेल्या, तिरक्या रेघा अजून दिसत होत्या. कारखान्यातून बोअर गेज मागून आणला आणि तिन्ही सिलिंडर वर, मध्ये, खाली, आडवे-उभे मोजले. सगळ्यात जास्त झीज ४० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. कागदावर आकडे मांडून मी बराच वेळ बसून राहिले. बाहेरचं वय आणि आतलं वय जुळत नव्हतं. असं मापात आलं की कारखान्यात आम्ही आधी गेज तपासतो. मी तपासला. गेज बरोबर होता.

लायनर बदलायचे वाचले. व्हॉल्व्हला पेस्ट लावून ते आपल्या बैठकीवर घासून बसवले, वरून रॉकेल ओतून रात्रभर ठेवलं, सकाळी एक थेंब खाली नाही. नवं हेड पॅकिंग घातलं, टॅपेट ०.२५ ला लावले. क्लचप्लेट गंजून चिकटली होती, ती सोडवण्यात एक आठवडा गेला, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. तिन्ही नोजल एका पंप-नोजलवाल्याकडे तपासले. दोन चालतील म्हणाला, तिसरा नवा दिला.

मागची अवजारं उचलणारी लिफ्ट उचलत होती पण धरत नव्हती. ओझं लावलं की पाच मिनिटांत जमिनीवर. दोष निघाला सिलिंडरमधल्या एका ओ-रिंगचा, पण ती लिफ्ट उघडली तेव्हा हॅरी फर्ग्युसन या माणसाबद्दल मला फार आदर वाटला. त्याच्या आधी नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढला जायचा. फाळ दगडाला अडकला की पुढची चाकं वर उठायची आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटा पडायचा. फर्ग्युसनने खाली दोन आणि वर एक असे तीन दांडे लावून अवजार ट्रॅक्टरचाच भाग करून टाकलं, की अडकलं तर वरचा दांडा पुढचं तोंड खाली दाबेल. १९३९ मध्ये फोर्डच्या ट्रॅक्टरवर ते आलं, तेही नुसत्या हातात हात देऊन झालेल्या करारावर. आज कुठल्याही गावात कुठल्याही कंपनीचा ट्रॅक्टर पाहा, मागे तेच तीन दांडे असतात. त्यांच्या पिना बदलताना मी त्या पुसून, ग्रीस लावून, हळूच बसवल्या.

आणि मग नऊ जूनची रात्र. टाकी धुऊन नवं डिझेल भरलं होतं. डिझेलच्या पाइपांतली हवा काढायला फिल्टरचा स्क्रू ढिला केला आणि अंगठ्याने हातपंप मारत राहिले. आधी नुसता फेस, उकळत्या दुधावर असतो तसा. मग मोठे बुडबुडे, मग एखाददुसरा, मग बोटावरून अखंड थंड धार. स्क्रू आवळला. नोजलकडच्या पाइपांचे नट ढिले ठेवून सेल्फ मारला, तिथेही डिझेल ठिबकलं तसे एकेक आवळत गेले. हीटर वीस सेकंद धरला. पहिल्या सेल्फला पांढऱ्या धुराचा एक गोळा, दुसऱ्याला दोन-चार ठोके, आणि तिसऱ्याला तो लागला. शेडचे पत्रे थरथरले, वरून वर्षांची धूळ आमच्या डोक्यावर पडली आणि आम्ही दोघं त्या धुरात खोकत, हसत उभे राहिलो. पावणेबारा वाजले होते. एवढ्या रात्री त्या बाबांना कशाला उठवायचं, असं तेव्हा मनात आलं. सकाळी लावू. सकाळी वाटलं, अजून धूर मारतोय, नीट करूनच ऐकवू. मग वाटलं, रंग होऊ दे, चांगला दिसायला लागला की एकदम घेऊनच जाऊ त्यांच्याकडे.

मग त्या रेघा सापडल्या.

बोर्डोची पुटं काढायला ग्राइंडरला तारेचा वाटीब्रश लावला होता. डोळ्यांवर चष्मा, तोंडाला ओढणी, सगळीकडे निळी धूळ. डाव्या मडगार्डची आतली बाजू, सीटच्या लगतची, तिथे फवारा कमी पोचतो म्हणून थर पातळ होता. मी भराभर मागून पुढे येत होते. थांबले ते ब्रश गरम झाला म्हणून. टॉर्च खाली ठेवलेला होता, त्याचा उजेड पत्र्यावर तिरपा पडला आणि ओरखडे दिसले. अणकुचीदार वस्तूने, रंगाखालच्या लोखंडापर्यंत ओढलेले, बोटाच्या पेराएवढे. दहा उभ्या रेघा, आणि त्यांना कापत जाणारी अकरावी आडवी. शेजारी पुन्हा तसाच गट. असे चार गट पूर्ण आणि पाचव्यात फक्त सहा उभ्या. मागच्या बाजूला, जिथून मी सुरुवात केली होती, तिथे पत्रा लख्ख होता.

किती गट गेले हे कधीच कळणार नाही. तो पेराएवढ्या रेघांचा हिशेब कुणीतरी वर्षानुवर्षं मांडलेला होता आणि मी तो दहा मिनिटांत पुसून टाकला. फवारण्यांचा असेल, असं मला वाटलं. पण एका हंगामात फवारण्या काही अकरा होत नाहीत, त्याच्या कितीतरी पुढे जातात. आठवड्यांचा म्हणावा तर सात हवेत, महिन्यांचा तर बारा. मोजायच्या सोयीसाठी पाचाचे गट सगळेच करतात. अकरा कोण करतं? रात्री जेवताना, कारखान्यात रिपोर्ट भरताना तो आकडा डोक्यात फिरायचा. आणि त्या सहा रेघा. सातवी का नाही, याचं उत्तर मला बाबांच्या अंगणातल्या खोडांच्या ढिगावरून माहीत होतं. त्यानंतर फोन हातात घेतला की तो लख्ख पत्रा आठवायचा. विचारायचं काय? तुमचं लिहिलेलं मी पुसलं, आता ते काय होतं सांगा?

रंग करणारा ओळखीचा आहे, काम चांगलं करतो. म्हणाला, “ताई, सगळीकडे लांबी भरून घेऊ, आरशासारखा होईल.” बाकी सगळीकडे भर म्हटलं, डाव्या मडगार्डला आतून ती खड्डे बुजवायची लांबी लावायची नाही. “मग दिसेल ना ते.” दिसू दे म्हटलं. उघडं ठेवता आलं असतं तर मी तेवढा भाग उघडाच ठेवला असता. पण तांब्याने आधीच पोखरलेलं लोखंड दोन पावसाळे काढणार नाही, हे मला कळत होतं. रेड ऑक्साइडचा एक पातळ हात आणि वर लाल रंग. रेघा बुजल्या नाहीत. उजेड तिरपा पडला की दिसतात, आणि हात फिरवला तर दिवसरात्र कळतात.

गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, घरात कोणी नसताना, मी नंबर लावला. सूनबाईंनी उचलला. बाबा कांद्याच्या रोपात होते, बोलावते म्हणाल्या. वाट पाहताना फोनमधून कोंबड्यांचा आवाज येत होता. मग चपला वाजल्या. “कोण? दिंडोरीच्या ताई? मी म्हटलं भंगारात घातला का काय.” मी माफी मागायला लागले तर म्हणाले, “ते राहू द्या. लावा.”

फोन बॉनेटवर ठेवला आणि सेल्फ मारला. एका झटक्यात लागला. मिनिटभर मी बाजूला उभी राहिले. मला वाटलं होतं ते काही बोलणार नाहीत, किंवा छान वाटलं म्हणतील. फोनमधून ओरडून आवाज आला, “रेस द्या थोडी. सोडा. आता बारीक ठेवा.” मग, “ताई, एक पाय लंगडतोय याचा.” मी म्हटलं, तीन सिलिंडरचा हादरा असतो ना थोडा. “हादरा वेगळा. हा लंगडतोय. कोणता ते मला इथून कसं कळणार, नट ढिले करून बघा.”

पाना घेतला, फडकं गुंडाळलं. पहिल्या नंबरच्या पाइपाचा नट पाव आटा ढिला केला, डिझेल फडक्यात भसकन आलं आणि इंजिन एकदम खाली बसलं, बंद पडेल की काय असं. आवळला, पुन्हा उभं राहिलं. दुसरा ढिला केला, तसंच. तिसरा ढिला केला. आवाजात फरक पडला नाही म्हणावं इतकाच फरक, म्हणजे लंगडणारा पाय तोच. तो नवा नोजल होता, म्हणून त्याच्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. फोनमधून बाबा म्हणाले, “हा का? तिसरा?” त्यांना माझं पान्याचं काम दिसत नव्हतं, आवाजच ऐकू येत होता. मला पिंपळगावचं अंथरूण आठवलं.

इंजिन बंद केल्यावर फार शांत झालं. त्या शांततेत मी रेघांचं सांगितलं. पुसल्या गेल्याचंही सांगितलं. बाबा जरा थांबले आणि म्हणाले, “अहो, ते ऑइलचं होतं.” मीटर बंद पडलं तेव्हा त्यांनी पाहून ठेवलं होतं, की एका भरल्या टाकीला ट्रॅक्टर नऊ-साडेनऊ तास चालतो. अठरा लिटरची टाकी. टाकी संपली की एक रेघ, खिळा तिथेच बांधलेला. अकरावी आडवी ओढली म्हणजे शंभर तास भरले. त्या दिवशी ऑइल बदलायचं, हंगाम कितीही जोरात असो. “फवारणी एक दिवस पुढे गेली असेल, पण ऑइल नाही.” गट किती होते हे त्यांनाही सांगता आलं नाही. “मोजायला कशाला लागतंय? पुढचं कधी बदलायचं तेवढं कळलं म्हणजे झालं.” मग विचारलं, “खिळा आहे का?” आहे म्हटलं.

मी पुन्हा तो कागद काढला. वर, मध्ये, खाली, आडवे-उभे. ४० मायक्रॉन.

तिसरा नोजल बदलून आणला. नवं मीटर बसवलं होतंच, टाकी गळ्यापर्यंत भरली आणि मीटरचा आकडा खडूने शेडच्या खांबावर लिहिला. पेरूच्या ओळींतून रोटाव्हेटर फिरवताना लिफ्ट धरून राहते, फांद्या डोक्यावरून सरकत जातात, पिकलेल्या पेरूंचा वास डिझेलच्या वासात मिसळतो. परवा संध्याकाळी बांधाजवळ वळताना इंजिनने दोन गचके खाल्ले आणि टाकी संपली. कॅनमधून डिझेल ओतण्याआधी खांबाशी जाऊन मी वजाबाकी केली. नऊ पूर्णांक चार तास.